दौऱ्यावरचा डोंबिवलीकर

दौऱ्यावर पुढारी जातात, नाटकवाले जातात, क्रिकेटचे संघ जातात. यांपैकी कुणाशीही नातं नसताना दौऱ्यावर निघणारा एक गृहस्थ डोंबिवलीत दर चार सोसायट्यांमागे एक तरी सापडतो. दौरा खरं तर बँडचा असतो. लंडनहून नाही तर कॅलिफोर्नियाहून निघून जगभर हिंडणाऱ्या त्या बँडच्या यादीत भारताच्या वाट्याला एखाददुसरं गाव येतं. पण यादी जाहीर झाल्या क्षणापासून याच्या तोंडी 'आपली टूर' हाच शब्द. 'आपली टूर जानेवारीत आहे, ओट्याचं काम आत्ता काढू नका,' असं तो घरी बजावतो आणि ओटा पुढच्या वर्षावर जातो.

ओळखायला सोपा आहे. वय पंचेचाळीस ते पन्नास. नोकरी बँकेत, विम्यात किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या रसायनांच्या कारखान्यात हिशेबाला. केस एके काळी खांद्यापर्यंत होते, याचा पुरावा म्हणून जुन्या रेल्वे पासाचं ओळखपत्र पाकिटात जपलेलं. केस मागे हटले, काळा टी-शर्ट मात्र हटलेला नाही. कपाटाचा एक अख्खा खण त्या शर्टांचा. प्रत्येकाच्या पाठीवर गावांची आणि तारखांची यादी छापलेली, आणि त्या यादीत मुंबईचं नाव असेल तर तो तुमच्याशी पाठमोरा उभा राहून बोलतो.

या शर्टांची निगा हा घरातला नाजूक विषय. आयर्न मेडन या मेटल बँडच्या शर्टावर 'एडी' नावाचं त्यांचं भूत असतं. कवटीवर कातडं ताणलेलं, डोळ्यांच्या जागी खोबण्या. गळा सैल पडू नये म्हणून शर्ट खालच्या काठाला चिमटे लावून वाळत घालायचा, असा याचा दंडक. एकदा त्याच्या आजीनं दोरीवर खाली डोकं वर पाय लटकलेला एडी पाहिला. 'हा कोण रे, वेताळ? देवाला असं उलटं टांगू नये,' म्हणत तिनं तो सुलट केला आणि जाता जाता हातही जोडले. तेव्हापासून याचं ठाम मत आहे की घरात मेटल कळणारी एकटी आजीच.

दिवाळीच्या पहाटे सगळी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर लोटते. हाही जातो. आईच्या समाधानासाठी झब्बा घालतो आणि बटणं उघडी ठेवतो, आतला एडी दिसेल इतकी. पण गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी (ही प्रथा 1999 साली डोंबिवलीनंच सुरू केली, बाकीचा महाराष्ट्र मागून आला) ढोलपथकाचा सराव सुरू झाला की धाडधाड खिडक्या लावून घेणारा पहिला माणूस हाच. 'याला काय संगीत म्हणायचं?' असं तो वैतागून विचारतो. त्याच्या खोलीच्या दाराबाहेर उभे राहून त्याचे वडील गेली तीस वर्षं शब्दशः हेच विचारत आलेत.

ठाण्याला आणि कल्याणलाही याचे भाऊबंद आहेत. ठाणेकर घोडबंदर रोडवर राहतो, 'आपण गाडीनं जाऊ' म्हणतो आणि कार्यक्रमाची पहिली तीन गाणी मोबाइलवर बघतो. कल्याणकर शांत असतो. गाडी कल्याणलाच लागते, त्याला बसायला मिळतं, आणि आयुष्यात रोज बसायला मिळालेल्या माणसाचा मूळ स्वभावच रॉकला मारक असतो. खरा मालमसाला डोंबिवलीकरात. स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीला मॉशपिट म्हणतात आणि परदेशात तिच्यासाठी जादा पैसे मोजतात, हे त्याला प्रथम कळलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता. सकाळच्या गाडीत दाराशी उभं राहून ज्यानं डबा, छत्री आणि चष्मा तिन्ही शाबूत दादरला नेलेत, त्याला मॉशपिट ही विश्रांती.

आता त्याचा इतिहास. तो धोबीतलावच्या रंगभवनपासून सुरू होतो. उघड्यावरच्या त्या रंगमंचावर 1986 साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं आणि मुंबईच्या पोरांना गिटारचा कर्णकर्कश आवाज जमातीनं ऐकायची सवय लागली. डोंबिवलीतले निम्मे टूरवाले आपण 'पहिल्या आय-रॉकला होतो' असं सांगतात. तेव्हा आपण चौथीत होतो, स्कॉलरशिपचा क्लास होता, हा तपशील ते गाळतात. सगळ्यांचं खरं मानलं तर रंगभवनला शिवाजी पार्काएवढं व्हावं लागलं असतं. पुढे आजूबाजूची रुग्णालयं आणि कॉलेज यांच्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि 2003 च्या सुमारास रंगभवनचा आवाज बंद झाला. त्याबद्दल बोलताना याचा घोगरा गळा खरोखर दाटून येतो. इथे चेष्टा करू नये.

मग मोठे दौरे. 17 मार्च 2007 ला आयर्न मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर आले, तेव्हा हा उद्यान एक्स्प्रेसनं कल्याणहून गेला. पुढल्या वर्षी तर बँडनं आपला नवा जागतिक दौराच मुंबईत सुरू केला, 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला संकुल. त्या दौऱ्याचं बोइंग विमान बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवायचा. हे वाक्य आमचा गृहस्थ कुठल्याही विषयात घुसवतो. सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या देखभालीवर चर्चा चालू असताना, 'माणसानं स्वतः शिकावं हो, डिकिन्सन स्वतः विमान चालवतो,' असं म्हणून त्यानं लिफ्टची जबाबदारी अंगावर ओढवून घेतल्याचं उदाहरण आहे.

जखम एकच, मेटॅलिकाची. 28 ऑक्टोबर 2011, गुडगाव. त्या दिवशी भाऊबीज होती. याची बहीण ताम्हण मांडून बसलेली, आणि हा 'रात्री फोन करतो' म्हणून आदल्या दिवशीच दिल्लीच्या गाडीत. मैदानावर तासन्‌तास ताटकळल्यावर 'आज नाही, उद्या' असं सांगण्यात आलं. लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली. आणि मग तो उद्याही रद्द झाला. हा तिथूनच बंगळूरला धावला आणि 30 तारखेला तिथला कार्यक्रम गाठला. पण घरी आजही मेटॅलिकाचं नाव निघालं की बहीण नुसती हसते आणि म्हणते, 'मी काही बोलले नव्हते हं दादा.' तिचं ते न बोलणं त्या रात्रीच्या कुठल्याही अँप्लिफायरपेक्षा मोठं ऐकू येतं.

आता वडिलांकडे वळू, कारण या व्यक्तिचित्राची गोम तिथे आहे. वडिलांना मुलाच्या दौऱ्यांचा तिटकारा. 'एका तिकिटात महिन्याचा किराणा येतो,' हे त्यांचं कायमचं वाक्य. पण भीमसेनांनी 1953 साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला हे गृहस्थ स्वतः वर्षानुवर्षं डिसेंबरात रजा टाकून पुण्याला गेलेत. रमणबागेच्या मैदानावर सतरंजी, शाल, मफलर, खिशात सुंठेची गोळी, आणि पहाटे भीमसेन गाऊन उठेपर्यंत हलायचं नाही. रजेच्या अर्जावर कारण, 'घरगुती'. मुलाच्या अर्जावरही तेच असतं. हस्ताक्षरसुद्धा वडिलांसारखंच आहे.

'आमच्या वेळी गाणं दर वेळी नवं असायचं,' वडील म्हणतात. 'तुझे ते बँडवाले लंडनात वाजवलेलंच इथे वाजवतात. यादीसुद्धा आधी ठाऊक असते तुला!'

'बाबा, तुम्ही एकच नाटक गडकरीला बघितलंत, मग कल्याणला अत्र्यांत बघितलंत, मग इथे सावित्रीबाईंत बघितलंत. गोष्ट बदलली होती का?'

'ते वेगळं. कल्याणच्या प्रयोगात फोनची घंटा वाजलीच नाही. त्यानं नुसता रिसीव्हर उचलला आणि काय सांभाळून घेतलंय म्हणतोस! ते बघायला जातात लोक.'

'तेच सांगतोय मी. बंगळूरला तार तुटली होती गिटारची.'

यावर वडील थोडा वेळ गप्प बसतात आणि मग न राहवून विचारतात, 'मग? काय केलं त्यानं?'

आई या वादात पडत नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णींचं 'आयुष्यावर बोलू काही' सुरू झाल्यावर ती भिशीच्या बायकांबरोबर ठाणे, कल्याण, डोंबिवली अशी तिन्ही नाट्यगृहं फिरून आलेली आहे, आणि त्या काळात या दोघांनी पिठलं-भात खाल्ला होता. तिच्या त्या फेरीला टूर म्हणत नसत, एवढंच.

बापलेकांना जोडणारा आणखी एक दुवा म्हणजे कायदा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर आजही तसंच. त्यामुळे सवाईच्या रात्री आटोपत्या झाल्या आणि भीमसेनांची पहाट इतिहासजमा झाली. वडील अजून त्या नियमावर चिडून आहेत. मुलगा त्याच नियमावर जगतो. परदेशातले बँड आपल्या देशी रात्री अकरापर्यंत सहज वाजवतात. तसं इथे चाललं असतं तर मुंबईत आलेला एकही कार्यक्रम डोंबिवलीकराला पुरता बघता आला नसता. एकाच कायद्यानं बापाची पहाट गेली आणि मुलाची शेवटची गाडी राहिली.

ती गाडी गाठणं हे त्याचं खरं कौशल्य. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर असेल तर ट्रान्स-हार्बरनं ठाणे, नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरायचं, पुलाकडचा डबा आधीच धरलेला असायचा. महालक्ष्मी रेसकोर्सवर असेल तर दादरचा पूल. कोणत्या गाण्याला स्टेजपासून निघायचं, हे तो गेल्या चार देशांतली गाण्यांची यादी बघून ठरवतो. पण शेवटच्या आग्रहाच्या गाण्यांआधी निघून जाणं, हे त्याच्या धर्मात पाप. म्हणून त्यानं एक चाल बसवली आहे: तोंड स्टेजकडे, पावलं गेटकडे. ही चाल पन्नाशीतल्या गुडघ्यांना फार जाचक असते, पण शेवटच्या ठोक्याला तो बरोबर फाटकाबाहेर असतो आणि ठाण्याच्या पार्किंगवाल्यांना अजून आपली गाडी कुठे लावली ते आठवायचं असतं.

आणि मग कोल्डप्ले आलं. 'हा काही बँड नव्हे, हे एसी संगीत आहे,' असं आमच्या टूरवाल्याचं अधिकृत मत. पण मुलगी नववीत, तिला जायचंच होतं. तिकीटविक्री 22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारी बारा. ऐन पितृपंधरवडा. 'या दिवसांत कुणी काही खरेदी करतं का?' वडिलांनी विचारलं. घरातले सगळे फोन आणि दोन लॅपटॉप टेबलावर मांडले होते, कुणाच्याही रांगेचा आकडा लाखांच्या खाली नव्हता, ॲप मध्येच आडवं झालं, आमटी तीनदा गरम झाली. शेवटी तिकीट मिळालं ते आईच्या फोनवरून, जो एरवी सकाळी फुलांची चित्रं पाठवण्यापलीकडे कशालाच वापरला जात नाही. वडिलांनी यावर 'पितरांची कृपा' एवढंच म्हटलं.

जानेवारीत 18, 19 आणि 21 अशा तीन तारखा नेरूळला झाल्या. पहिल्या दिवशी हा मुलीला घेऊन गेला तो तोंड वाकडं करूनच. संक्रांत नुकतीच झालेली. आईनं दिलेले तिळाचे लाडू फाटकावर अडवले, तेव्हा यानं दोन लाडू रखवालदाराला दिले, 'गोड बोला' म्हणाला, आणि उरलेले खिशातून आत नेले. आत प्रत्येकाच्या मनगटावर दिव्याचा पट्टा. स्टेडियमभर ते पट्टे एकदम पेटले तेव्हा मुलीनं बापाकडे बघितलं, तर बाप वीज तयार करणाऱ्या त्या सायकलींकडे निघाला होता. कोल्डप्लेवाले प्रेक्षकांना सायकल मारायला लावून थोडी वीज मिळवतात. यानं मारली. मेटलवाल्याला हात वर करून डोलता येत नाही, त्याला अंगमेहनतीचं काही तरी लागतं. परतताना पट्टा पेटीत टाकायचा असतो. डोंबिवलीकराला परत करायला जड जाणारी ती पहिलीच वस्तू असावी.

घरी आल्यावर तो म्हणाला, 'ठीक होतं.' आणि आठवड्याच्या आत कोपरच्या वरच्या फलाटावरून वसईची गाडी धरून, तिथून अहमदाबादला गेला. 'पोरीला एकटीला कसं सोडायचं?' असं त्यानं कचेरीत सांगितलं होतं. पोरगी त्या दिवशी डोंबिवलीत क्लासला होती. 26 जानेवारीचा तिथला कोल्डप्लेचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित झाला, म्हणून सगळं घर टीव्हीसमोर. लाखाहून अधिक माणसं, सगळी रंगीबेरंगी. 'तो बघा, तो बघा,' वडील खुर्चीतून उठून म्हणाले. कडेला खांबाला टेकून एकच काळा शर्ट, आणि आत एडी.

असा माणूस आणखी कितीही वर्षं दौऱ्यावर जाईल, कारण बँड म्हातारे होतात तसतसे 'शेवटचा दौरा' म्हणून पुन्हा पुन्हा येतात. तुम्हाला तो रात्रीच्या कर्जत गाडीत भेटेल. कान बधिर, गळा बसलेला, पाठीवर गावांची यादी. त्याला जागा द्या, पाणी द्या. पण तुम्ही कल्याणच्या पुढे राहत असाल तर 'कसा झाला शो?' एवढं मात्र विचारू नका. तो पहिल्या गाण्यापासून सांगायला लागतो, डोंबिवली येऊन जाते, आणि त्या वेळी कल्याणहून मागे यायला गाडी नसते.