हेराल्डचा बँकर

माथेरान आमच्या कर्जत तालुक्यात येतं आणि तिथे मोटारीला बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची आणि पुढे पायी किंवा घोड्यावर जायचं. शेजारच्या खालापूर तालुक्यातून 2002 सालापासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग धावतो आणि तिथे पायी चालणाऱ्याला बंदी आहे. एका तालुक्यात मोटारीने चालायचं नाही, दुसऱ्यात माणसाने. दोन्ही नियम एकाच वेळी इमानेइतबारे पाळणारी महाराष्ट्रातली एकमेव गाडी म्हणजे आमच्या भाऊजींची स्टँडर्ड हेराल्ड. ती स्वतः चालत नव्हती आणि दर रविवारी आम्हालाही कुठे हलू देत नव्हती.

भाऊजी रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी कर्जतच्या यार्डात आणि घाटात गेली. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटातून रेल्वे 1863 साली सुरू झाली. चढ सदतीस फुटांना एक फूट, आणि तो अजून तेवढाच आहे. पुढच्याला मागून ढकलण्यात ज्याची हयात गेली, त्याला निवृत्तीनंतर आपल्यालाही कुणीतरी ढकलावं असं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही. हेराल्ड आली, आणि खोपोलीत राहणारा मी, म्हणजे भाऊजींचा एकुलता एक मेहुणा, त्यांचा बँकर झालो. रविवारी सकाळच्या लोकलने मी कर्जतला पोचायचो. ताईने चहा पुढे करेपर्यंत भाऊजींनी माझ्या हातात बॅटरी दिलेली असे. उजेड नेहमी मला दिसेल तिथे पडायचा आणि भाऊजींना हवा असायचा तिथे नाही, असं त्यांचं मत होतं.

गाडी सापडली नेरळजवळच्या एका जुन्या बंगल्याच्या परसात, आंब्याखाली. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. सौद्यात मालकाने कोंबडी ठेवून घेतली आणि अंडी आम्हाला दिली. त्या दिवसापासून आजवर या गाडीने घरात आणलेलं उत्पन्न तेवढंच.

"ही स्पोर्ट्‌स कार आहे," टेंपोतून गाडी उतरत असताना भाऊजींनी जाहीर केलं.

मी गाडीकडे पाहिलं. तिच्या चारही टायरांत मिळून एका सायकलीची हवा नव्हती.

पण भाऊजी अगदीच हवेत बोलत नव्हते. ट्रायम्फ हेराल्ड 1959 साली इंग्लंडमध्ये आली. तिचा साज जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसाने बेतला. तीन वर्षांनी, 1962 साली, हीच चासी थोडी आखडून तिच्यावर ट्रायम्फ स्पिटफायर उभी राहिली, आणि ती मात्र नावाजलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार. "म्हणजे ही स्पोर्ट्‌स कारची आई झाली," भाऊजी म्हणाले.

"मग आईचा मान ठेवा," ताई म्हणाली. "या वयात तिला पळवू नका."

आपल्याकडे ही गाडी 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनीत बनू लागली. तेव्हा देशात मोटार म्हणजे उत्तरपाड्याची अँबेसिडर किंवा कुर्ल्याची फियाट. अँबेसिडरमध्ये मंत्री बसायचे, फियाटमध्ये डॉक्टर आणि टॅक्सीवाले. हेराल्ड घेणारा माणूस थोडा वेगळा असे. तो पाइप ओढणारा प्राध्यापक तरी असायचा, नाहीतर अजून लग्नाचं जमवायचंय असा वकील. इंजिन 948 सीसीचं, ताकद पस्तीस घोड्यांच्या आसपास. पण वळते मात्र अशी की बघत राहावं. साडेसात मीटरच्या वर्तुळात पूर्ण फिरते. कर्जतच्या ज्या बोळात रिक्षावाला दोनदा मागेपुढे करतो, तिथे हेराल्ड एका दमात तोंड फिरवते. अर्थात त्यासाठी ती आधी सुरू व्हावी लागते.

घरी बसून दुरुस्त करायला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं. मग पुढच्या टायरवर आरामात बसून इंजिनात हात घालता येतो. बॉडी एकसंध नाही, तुकड्यातुकड्यांनी चासीवर बोल्टने आवळलेली. छतसुद्धा बोल्ट काढले की उचलून बाजूला ठेवता येतं. पाना धरता येणाऱ्या कुठल्याही माणसाला आपण इंजिनिअर आहोत असं वाटायला लावणारी ही गाडी आहे, आणि तोच तिचा धोका.

कारण आधी तो पाना तरी बसला पाहिजे. गाडी इंग्रजी, म्हणून बोल्ट इंचाचे. बाजारातले पाने मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला तेराचा पाना बसतो, पण जेमतेम तीन दशांश मिलिमीटर सैल. त्या तीन दशांशात बोल्टचे कोपरे झिजतात, पाना सटकतो, बोटाची सालटं निघतात आणि माणूस रेल्वेच्या यार्डातली भाषा बोलू लागतो. हार्डवेअरच्या दुकानात भाऊजी जुन्या हिशेबाने "चार सुताचा पाना द्या" म्हणाले, तेव्हा गल्ल्यावरच्या पोराने त्यांना शेजारचं साड्यांचं दुकान दाखवलं.

मग गंज. कर्जतला जून ते सप्टेंबर वाळवणच होत नाही, मग ते पापडाचं असो की प्रायमरचं. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी आडवे हात फुटलेले असतात आणि बॉडीचा भार ते पेलतात. आमच्या गाडीच्या त्या हातांना बोट लावलं तर बोट आत जायचं. डेंटरने पाहिलं आणि विचारलं, "काका, यातलं ठेवायचं काय?" भाऊजींनी ताईच्या फ्रिजवरचं चुंबक आणून सगळ्या बॉडीवर फिरवलं. जिथे पत्रा तिथे ते चिकटणार, जिथे लांबी भरलेली तिथून घसरणार. डाव्या दारावर चुंबक कुठेच थांबेना. ते दार कधीकाळी लोखंडी होतं यावर आम्ही केवळ विश्वास ठेवला.

संध्याकाळी वर्कशॉप मॅन्युअलचं वाचन. त्यात पुढच्या चाकांच्या ट्रनियन नावाच्या पितळी सांध्याबद्दल बजावून लिहिलंय की याला ग्रीस नाही, नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं. आपल्याकडच्या मेकॅनिकांनी पन्नास वर्षं त्यात प्रेमाने ग्रीसच भरलं. निपल दिसला की ग्रीसगन लावायची, हा आपला राष्ट्रीय स्वभाव. ते ग्रीस सुकून घट्ट होतं, सांधा झिजतो, आणि एखाद्या वळणावर पुढचं चाक गाडीशी असलेले संबंध तोडतं. हे वाचून ताईने गाडीत कोण कुठे बसणार याचा फेरविचार सुरू केला.

खरं युद्ध पेटलं ते भाचा सुट्टीत घरी आल्यावर. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने निकाल दिला. "बाबा, हिला मॉडिफाय करू. ओम्नी व्हॅनचं इंजिन टाकू. तीही मागची चाकं फिरवते, सरळ बसेल. छत काढून टाकू, रुंद टायर घालू, सायलेन्सर मोकळा करू. झाली स्पोर्ट्‌स कार!"

"ओम्नीचं इंजिन किती सीसीचं?" भाऊजींनी शांतपणे विचारलं.

"796."

"948 काढून 796 घालायचं, याला तू सुधारणा म्हणतोस?"

"पण ते चालतं, बाबा."

यावर उत्तर नव्हतं, म्हणून भाऊजींनी कायदा काढला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलंय. शिवाय 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतं. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट एकच, की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी फिरवाफिरव झालेली नको. छतालाही हात लावायचा नाही. तशीही कर्जतच्या जुलैत छत काढलेली गाडी म्हणजे मोटार नव्हे, हौद.

"आणि ही व्हिंटेज गाडी रोज चालवता येते?" ताईने विचारलं.

नाही येत. रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कारणांसाठी बाहेर काढता येते.

"मग मंडईतून भाजी कशी आणणार?"

भाऊजींनी क्षणभर विचार केला. "इंधन भरायला जाता येतं. पंपाच्या वाटेवर मंडई लागली, तर त्यात आपला काय दोष?"

भाचा मात्र अभ्यास करून आला होता. त्याने सांगितलं की मद्रासच्या कंपनीने स्वतःच या गाडीत फेरफार केले. हेराल्डची मागची चाकं स्वतंत्र झुलतात. वळणावर जोर पडला की बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू पाहतं. आपल्या रस्त्यांना आणि आपल्या मेकॅनिकांना ते मानवलं नाही. म्हणून 1972 साली हेराल्डचीच पुढची पिढी असलेली गॅझेल आली, तेव्हा कंपनीने झुलता आस काढून साधा सरळ आस बसवला. त्याआधी चार दारांची हेराल्ड काढली होती, तीही खास भारतासाठी. "कंपनीला चालतं ते आपल्याला का नाही, मामा?" त्याने मला मध्ये ओढलं. मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. त्या घरात तटस्थ राहण्याचा तेवढाच मार्ग मला उपलब्ध होता.

या वादाचा निकाल शेवटी गाडीनेच लावला. मूळ रूपात आणायची म्हणून भाऊजींनी तिच्यातलं उपरं सामान काढून ओट्यावर मांडलं. वायपरची मोटर फियाटची निघाली, हॉर्न जीपचा, इंडिकेटर स्कूटरचा, पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुठल्याशा ट्रॅक्टरचं. डॅशबोर्डमागची वायर घरातल्या फिटिंगची होती. विलायती नकाशाची, इटालियन वळणाची, मद्रासी जन्माची ही गाडी अर्धं शतक गावोगावच्या मेकॅनिकांनी आपल्या परीने मॉडिफाय करत जिवंत ठेवली होती. ओट्यावर पसरलेला तो बाजार पाहून भाचा म्हणाला, "बाबा, मला आता काही करायला ठेवलंच नाही यांनी."

मग तह झाला. इंजिन, बॉडी आणि छत मूळचं, ही भाऊजींची अट. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, ही भाच्याची. खंडाळ्याच्या धुक्यात जुन्या डायनॅमोवर हेडलाइट लावले तर उजेड पडतो की नाही हे पाहायला दुसरी बॅटरी लागते. जुना डायनॅमो भाऊजींनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि साठ सालच्या रबराला ते पचत नाही. सामानासाठी कुर्ला आणि चोर बाजार पालथा घातला. नाही मिळालं ते इंग्लंडहून आलं. तिथे या गाड्यांचे सुटे भाग अजून नव्याने बनतात. पार्सलची किंमत ताईला रुपयांत कधी सांगण्यात आली नाही.

चाचणी अर्थातच घाटात. कर्जत, पळसदरी, खोपोली हा पट्टा गाडीने हसतखेळत काटला. मग चढ लागला. या घाटाची वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बदल्यात त्यांनी त्यालाच संपवलं, अशी आख्यायिका आहे. त्याच्या देवळाशी गाड्या थांबतात, नाणं वाहतात आणि पुढे जातात. आमची हेराल्ड देवळापर्यंत न पोचताच थांबली. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता आणि बॉनेटमधून वाफ येत होती.

"मेहुणे," भाऊजी स्टिअरिंग न सोडता म्हणाले, "बँकर लावा."

मी, भाचा आणि ताई, तिघं उतरलो आणि ढकललं. गाडी शिंग्रोबापर्यंत गेली. भाऊजींनी नाणं वाहिलं, रेडिएटर थंड झाल्यावर पाणी भरलं, गाडी वळवली आणि उतार धरला. उतारावर त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. चारही चाकांना ड्रमब्रेक आहेत, उतारभर पाय दाबून ठेवला तर ते तापतात आणि धरायचं विसरतात. मागून ट्रक हॉर्न देत होते, बसमधली पोरं हात हलवत होती. आणि भाऊजी, ज्यांनी आयुष्यभर घाट मागच्या इंजिनातून पाहिला, ते पहिल्यांदाच सर्वांत पुढे होते.

मूळ की मॉडिफाय, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. माझ्या मते आपल्याकडे जी गाडी पन्नास वर्षं टिकली, ती कुणीतरी मोडतोड करत टिकवली म्हणूनच टिकली. तेव्हा नवं काही घालायचंच असेल तर ते दिसण्यासाठी किंवा आवाजासाठी नको. गाडीने घाट चढावा, थांबवली तिथे थांबावं आणि रात्री रस्ता दिसावा, एवढ्यापुरतंच घालावं, आणि काढलेलं जपून ठेवावं. तुम्हालाही हौस आली असेल तर आधी कागद पाहा, मग गंज, मग ब्रेक. रंग सगळ्यात शेवटी. आणि घाटाच्या पायथ्याशी राहणारा एखादा मेहुणा असेल, तर गाडी घेण्याआधी त्याला एकदा जेवायला बोलवा.