पार्ट बदलून बघू

"पार्ट बदलून बघू." गाडीच्या वायरिंगबद्दल हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या हातात किल्ली देऊ नका. बघायचं तर आधी बघा. बदलायचं की नाही, ते मागून ठरेल.

आई बसते ते पुढचं डावं दार. जूनमध्ये त्याचं सेंट्रल लॉक बिनसलं. बाकीची तीन दारं खटकन लागायची, हे कधी लागायचं, कधी नाही. गॅरेजवाल्याने दाराला हात लावायच्या आधीच निदान सांगितलं : मोटार गेली. नवी मोटार बसली, मी बिल चुकतं केलं आणि आठव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या खेपेला तोच म्हणाला, आता कंट्रोल मॉड्यूल बदलून बघू. जुनी मोटार मागून घेतली आणि तिथून निघाले.

मला राग याचा येतो की दुखणं कुठे आहे, हे गाडी स्वतःच सांगत असते. चारही दारं एकदम गप्प झाली, तर फ्यूज आणि रिले बघा. स्विचने लागतं पण रिमोटने नाही, तर रिमोटमधला तीन व्होल्टचा सेल बघा. एकच दार अडलं, तर दोष बहुतेक त्या दारात किंवा त्याच्या वाटेवर. मोटार फिरल्याचा आवाज येतो पण लॉक हलत नाही, तर आतला प्लॅस्टिकचा गिअर झिजलाय किंवा रॉड निसटलाय. आवाजच नसेल, तर मोटारीला दोष देण्याआधी तिथवर करंट पोचतोय का, ते तपासा. हे विचारायला पाच मिनिटं लागतात. तेवढीही कुणाला द्यायची नाहीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वायरमनने ती दिली. मला आत बसवून म्हणाला, "ताई, मी सांगीन तसा स्विच दाबत राहा." दार अर्धं उघडलं, लॉक चाललं. पुरतं उघडलं, बंद. पुन्हा अर्धं, चालू. मग त्याने दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी मागे सरकवली. दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी त्या नळीतून जातात आणि दार उघडताना, मिटताना दर वेळी तिथेच वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र धड दिसतं. त्याने एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढली. तिसरी रबरासारखी ताणली गेली. आत तांबं नव्हतंच. दार मिटलं की तुटलेली टोकं कधी एकमेकांना टेकायची, कधी नाही, म्हणून लॉकही कधी लागायचं, कधी नाही.

नुसत्या मीटरवर विसंबणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तारेचा एखादा धागा शाबूत असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण मोटार फिरवायला लागणारा करंट त्या धाग्यातून जात नाही. म्हणून हा माणूस टेस्टिंगचा बल्ब लावतो. बल्ब मंद पेटला की समजायचं, वाटेत कुठेतरी अडलंय.

पीळ मारून वर टेप, असं त्याने केलं नाही. वाकणारा भागच बदलला, जोड बाक सोडून लांब घेतले, झाळून वर स्लीव्ह चढवली. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद आधीच्या गॅरेजात टराटरा फाडला होता, तोही नवा चिकटवला. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतंच. खालच्या भोकांतून ते निघून जातं आणि मधला कागद ते गाडीत येऊ देत नाही. तो फाडून तसाच सोडणं हा निष्काळजीपणाच.

कुणी म्हणेल, एका लॉकसाठी एवढं? हो, एवढं. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली. त्या दिवसानंतर 'दार कधी उघडतं, कधी नाही' ही तक्रार मला किरकोळ वाटत नाही. वीज गेली तर आतून हाताने लॉक कसं उघडायचं, ते मी आईकडून डोळे मिटून करून घेतलं. गुडघे दुखत असतानाही तिने चारही दारांवर ते केलं.

निघताना जुनी मोटार वायरमनच्या हातात दिली. त्याने दोन वायरी बॅटरीला टेकवल्या. खट, दांडी बाहेर आली. वायरी उलट्या करून टेकवल्या. खट, दांडी आत गेली.

"ही तर चांगली आहे की, ताई," तो म्हणाला.