दिनचर्येचा नांगर

संशोधक व्हायचं तर पहाटे ५ ला उठावं, कोमट पाणी प्यावं आणि चालायला जावं, हे बेळगावात आता निर्विवाद मान्य झालं आहे. सज्जड पुरावा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ मध्ये त्यांनी इथे सायकलींचं दुकान काढलं. सायकल म्हणजे व्यायाम. तेव्हा त्यांचा १९०३ चा लोखंडी नांगर पोटऱ्यांतूनच निघाला असणार. भट्टी, ओतकाम, फाळाचे हट्ट वगैरे किरकोळ बाबी. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणत शेतकऱ्यांनी नांगराकडे पाठ फिरवली, पहिल्या विक्रीला २ वर्षं लागली. शेतकरी प्राणायाम करत नसावेत, दुसरं काय?

मग नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती, तिने किर्लोस्करांना कारखान्याची जागा मोकळी करायला सांगितली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. त्यांनी कुंडल स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला, वर कर्जही दिलं, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. होतकरूंनी माळ आणि कर्जाकडे न बघता नमस्कार तेवढे मोजावेत.

बेळगावही कृतघ्न नाही हो. किर्लोस्कर रोड आहे ना, गर्दीमुळे तिथे चालणं आपोआप घडतं.

आमची नम्र सूचना अशी, की उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक हुशार फाउंड्रीवाल्याला जागा खाली करण्याची नोटीस द्यावी. चालण्याने उद्योग भरभराटीला आल्याचं गावाच्या दप्तरी एवढं एकच उदाहरण आहे, आणि ते चालणं गावाबाहेरचं होतं.