बिनट्यूबच्या टायरची प्राणप्रतिष्ठा

रोड बाइकचा ट्यूबलेस टायर म्हणजे नुसता ट्यूब काढून घेतलेला टायर नव्हे. ट्यूब गेली की तिची कामे इतरांच्या गळ्यात पडतात. रिमची भोके झाकून हवा कोंडायचे काम टेपकडे जाते, हवा आत घ्यायचे रिमला जखडलेल्या व्हॉल्व्हकडे, रिमला घट्ट धरून बसायचे टायरच्या कडेकडे, आणि पडलेले भोक बुजवायचे आत ओतलेल्या सीलंट नावाच्या पांढऱ्या द्रवाकडे. या चौघांना एकत्र नांदवायचे काम मालकाकडे येते. विकताना ते सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले १८८८ साली. मोटारींनी ट्यूब विसाव्या शतकाच्या मध्यालाच टाकून द्यायला सुरुवात केली; रोड बाइकसाठी मात्र शिमानो आणि हचिन्सन यांनी २००६ साली ट्यूबलेसची जोडी बाजारात आणली. वसई-विरारमध्ये हा शब्द घरोघर पोचला तो स्कूटरमुळे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. स्कूटरचा टायर जाडजूड, शोरूममधून बसवूनच येणारा आणि तीस-बत्तीस पीएसआयवर खूश असणारा. रोड बाइकचा टायर जेमतेम २८ मिलिमीटर रुंद, आणि त्यात साठ-सत्तर पीएसआय कोंडायचे. त्यामुळे ‘‘आमच्या स्कूटरला तर कधी काही करावं लागलं नाही,’’ हे सोसायटीतल्या काकांचे म्हणणे शंभर टक्के खरे असते आणि त्याचा काडीचाही उपयोग नसतो.

तरीही या भागात ट्यूबलेसची बाजू घ्यायला दोन चांगली कारणे आहेत. पहिले पावसाळी. जूनअखेर रस्त्यांवरचे खड्डे पाण्याने काठोकाठ भरतात आणि डबके कोणते व खड्डा कोणता, हे चाक आत गेल्यावरच कळते. अशा वेळी खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सायकलवाले त्याला स्नेक बाइट म्हणतात. ट्यूबच नसेल तर चिमटायला काही राहत नाही. रिम राहते, पण तिचा प्रश्न वेगळा. दुसरे कारण बारमाही आहे: मुंबई-अहमदाबाद महामार्ग. सातिवली, पेल्हार, शिरसाड या पट्ट्यात फुटलेल्या ट्रक-टायरांच्या चिंध्या कडेला पडलेल्या असतात आणि त्यांतल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे नेमके सायकल चालते त्या पट्टीत येऊन थांबतात. वज्रेश्वरीला निघालेला सायकलस्वार या तारांना हमखास भेटतो. तारेने पडलेले भोक इवलेसे असते, आणि इवलीशी भोके चालत्या चाकात बुजवणे हीच सीलंटची खरी हातोटी.

खरेदीत एका आकड्याने दगा द्यायची शक्यता असते. बाजारपेठेतल्या जुन्या सायकल दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला की दुकानदार न विचारता काळ्या, उंच, मागे भक्कम कॅरिअर असलेल्या सायकलचा टायर काढून देतो. त्याचा अठ्ठावीस इंचांचा आणि चाकाच्या उंचीचा, रोड बाइकचा अठ्ठावीस मिलिमीटरांचा आणि टायरच्या रुंदीचा. पहिला ६३५ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो, दुसरा ६२२ च्या. तेरा मिलिमीटरांचा हा फरक जोर लावून भरून निघत नाही. रिमवर ट्यूबलेस असे स्पष्ट लिहिलेले असावे. रिम हुकलेस, म्हणजे आतल्या कडेला ओठ नसलेली असेल, तर ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही हवेची कमाल मर्यादा. ती वजनदार माणसालाही माफ नाही.

पहिले काम टेपचे. जुनी रिमपट्टी काढून रिमचे पोट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते असतेच. बोटाचा तेलकट ठसासुद्धा टेपला खपत नाही, त्यामुळे भजी खाऊन हे काम करू नये. टेप दोन्ही हातांनी ताणत, व्हॉल्व्हच्या भोकाच्या जरा अलीकडून सुरू करून दोन वेढे द्यावेत आणि भोकाच्या बरेच पलीकडे नेऊन संपवावी. मग अंगठ्याने सगळीकडून घोटावी; बुडबुडा राहिला तर हवा तो कधी ना कधी शोधून काढते. व्हॉल्व्हपुरते भोक तापवलेल्या दाभणाने पाडले तर टेपच्या कडा वितळून गोल राहतात. ब्लेडने कापले तर टेप तिथूनच उसवत जाते. व्हॉल्व्हचा नट हाताने जेवढा आवळेल तेवढाच आवळावा.

टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट करतात. रिमच्या मधोमध एक खोल चर असतो. चढलेली कडा सतत त्या चरात ढकलत राहिले तर शेवटच्या वीतभरासाठी थोडी ढिलाई मिळते. नाही ढकलली, तर ती शेवटची वीत घरातल्या प्रत्येक माणसाच्या अंगठ्यांची परीक्षा घेते आणि मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर आणून देतो. तो प्रेमाने परत करावा. त्याने टेपला ओरखडा पडला की मागचा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो.

यानंतर खरा पेच येतो. टायर रिमवर चढला तरी त्याच्या कडा आपापल्या जागी बसलेल्या नसतात, आणि बसल्याशिवाय हवा टिकत नाही. हवा भरल्याशिवाय त्या बसत नाहीत. हे कोडे फक्त वेगाने सुटते: बाहेर पळणाऱ्या हवेपेक्षा जास्त हवा एका दमात आत गेली पाहिजे. कडांना भांड्याच्या साबणाचे पाणी लावून घरच्या उभ्या पंपाने काही वेळा जमते. बहुतेक वेळा पंप मारणाऱ्याचा श्वास आणि टायरमधली हवा एकदमच संपते.

म्हणून चाक मांडीवर घेऊन, शेअर रिक्षाने, कॉम्प्रेसर असलेल्या पंक्चरच्या दुकानात जावे लागते. पंक्चरवाल्याकडे जायला लागू नये म्हणून घेतलेला टायर रस्ता पाहण्याआधी पंक्चरवाला पाहतो. तिथला संवाद ठरलेला असतो.

‘‘ट्यूब कुठाय?’’

‘‘ट्यूब नाही भाऊ, ट्यूबलेस आहे.’’

‘‘सायकलला?’’

एवढ्यात हवा भरायला थांबलेले दोन स्कूटरवाले आणि एक टेम्पोचालक जवळ येतात. रोड बाइकचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. कॉम्प्रेसरची नळी मोटारीच्या जाड व्हॉल्व्हसाठी. मध्ये लागणारा पितळी अडॅप्टर चिंचोक्याएवढा असतो आणि घरी विसरायला अतिशय सोयीचा. तो व्हॉल्व्हच्या पिनच्या आट्यांवर बसतो, म्हणून पिन आत ठेवून तिच्या टोकाची चकती तेवढी सैल सोडावी. जवळ हवेची गन असलेले गॅरेज असेल तर उत्तम: तिथे पिन काढून गनचे तोंड थेट व्हॉल्व्हवर दाबता येते आणि हवा धो धो जाते.

हवा शिरली की आधी फुसफुस, मग साबणाचा फेस, मग एकदम ‘ठाक्’, आणि जरा वेळाने दुसरा ‘ठाक्’. या आवाजाला टेम्पोचालक दोन पावले मागे सरतो. कडा जागेवर बसल्याची ती खूण आहे. मात्र याच नळीने ट्रकच्या टायरात शंभरावर पीएसआय भरले जातात आणि पंक्चरवाल्याचा हात त्याच सवयीचा असतो, म्हणून टायरवर छापलेला कमाल आकडा त्याला आधी सांगावा आणि डोळे गेजवरून हलवू नयेत. शेवटी चाक फिरवून टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का, ते पाहावे. एखाद्या ठिकाणी ती आत बुडलेली दिसली तर तेवढी कडा अजून रुसलेली आहे. साबण, आणि पुन्हा हवा.

सीलंट घरी येऊन भरावे. हवा सोडून पिन काढली तरी बसलेली कडा सहसा जागा सोडत नाही. बाटली चांगली हलवून, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने तीस-चाळीस मिलिलिटर द्रव व्हॉल्व्हमधून आत सोडावा. सीलंट बहुधा रबराच्या चिकाचे आणि अमोनियाच्या वासाचे असते. कपड्यावर सांडले तर तो कपडा पुढे सायकल पुसायला ठेवावा. पिन लावून, हवा भरून, चाक फिरवत आणि बादलीवर आडवे ठेवून दोन्ही बाजू भिजू द्याव्यात. कडेला पांढरे थेंब दिसले तर काळजी नाही, तिथले बीळ बुजते आहे. आऱ्यांच्या मुळाशी दिसले तर टेप गळते आहे, आणि त्यावर टेपपासून पुन्हा सुरुवात करण्याखेरीज उपाय नाही. लगेच गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशीमार्गे अर्नाळ्यापर्यंत एक सपाट चक्कर मारली की द्रव आत सगळीकडे पोचतो.

रस्त्यात भोक पडलेच तर पांढरी चिळकांडी उडते, ती मागून येणाऱ्या मित्राच्या गुडघ्यांवर. भोक खाली येईल असे चाक धरून थांबावे. सत्तर पीएसआयवर न बुजणारे भोक हवा चाळिसाच्या आसपास उतरल्यावर बरेचदा बुजते. तेवढ्या हवेवर हळूहळू घर गाठता येते. भोक मोठे असेल तर सायकलच्या बारीक प्लगने भरावे. स्कूटरच्या पंक्चरची जाड दोरी आणि ती घुसवायचा टोच्या पंक्चरवाला मोठ्या आपुलकीने पुढे करतो. त्या टोच्याने भोक आधी दोरीच्या मापाचे होते, आणि मग २८ मिलिमीटरच्या टायरात भोकाला लागून फारसा टायर उरत नाही.

सीलंट दोन ते सहा महिन्यांत वाळते, एप्रिल-मेच्या उष्म्यात लवकर. चाक कानाशी धरून हलवावे. आत खळखळ ऐकू आली नाही तर पुन्हा सिरिंज काढावी.

बाजूच फाटली तर सीलंट आणि प्लग दोघेही हात टेकतात आणि खिशातली ट्यूब काढावी लागते. ट्यूबलेसवालाही ती नेतोच. व्हॉल्व्ह काढून ती आत सरकवण्यापूर्वी टायर आतून फडक्याने नीट चाचपावा, उघड्या बोटांनी नव्हे. सीलंटने भोके बुजवली तरी काटे कोणी काढलेले नसतात. गेल्या कित्येक फेऱ्यांतले काटे आणि महामार्गावरच्या तारा टायरात टोके आत करून बसलेल्या असतात, आणि त्यांतली प्रत्येक उपटून काढेपर्यंत पारोळच्या रस्त्याकडेला बसून राहावे लागते.