मालकीणबाईंचा पगार

माझ्या ब्लाउजच्या दुकानात शनिवारी सगळ्यांना पैसे मिळतात. हुक-काज करणाऱ्या मावशींना मिळतात, मशीनवरच्या दोघींना मिळतात, फॉल-पिको करून आणणाऱ्या पोराला मिळतात, अस्तरवाल्याला मागच्या बाकीतले थोडे मिळतात. फक्त मालकिणीला मिळत नाहीत. ती गल्ल्यातून घेते. कधी भाजीला शंभर, कधी रिक्षाला पन्नास, कधी लेकीच्या चार्टपेपरला वीस. हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे दुकानातून गेले असं दुकान मानत नाही आणि मला मिळाले असं मीही मानत नाही.

साताऱ्यात माझ्या ओळखीत अशा मालकिणी पुष्कळ. मेसच्या काकू, पार्लरवाली, लोणची-मसाल्यांच्या वहिनी, झेरॉक्सवाली ताई. आमची भिशी आहे. भिशीचं नाव काढलं की हल्ली शिकलेली माणसं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. हप्ता चुकला तर म्युच्युअल फंड एक मेसेज पाठवून गप्प बसतो. भिशी घरी येते, चहा घेते, सासूबाईंची चौकशी करते आणि पैसे घेतल्याशिवाय उठत नाही. अशी वसुली कुठल्या बँकेला जमली आहे? खोट एवढीच की व्याज शून्य. पहिल्या चिठ्ठीवालीला जेवढे पैसे मिळतात, तेवढेच शेवटच्या चिठ्ठीवालीला. पण तोवर तेलाचा डबा वर गेलेला असतो.

एका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या मॅडम माझ्या गिऱ्हाईक. त्यांच्याकडे विषय निघाला आणि ‘बुधवारी दुपारी शिकवते’ म्हणाल्या. वर्ग भरला काकूंच्या मेसमध्ये, दुपारची पंगत उठल्यावर. फी म्हणून थालीपीठ.

पहिलाच प्रश्न : ‘‘तुमचा महिन्याचा पगार किती?’’

वहिनींनी दिवाळीतल्या भाजणीचा आकडा अभिमानानं सांगितला.

‘‘ती विक्री झाली.’’

‘‘मग खर्च जाऊन उरले ते...’’

‘‘तो नफा. तो कुठे आहे?’’

‘‘धंद्यात घातला.’’

‘‘आणि धंद्यातून काढणार कधी?’’

यावर कुणी बोलेना. काकूंनी पंखा उगाचच एकानं वाढवला. मॅडम म्हणाल्या, नोकरीतल्या बाईचा पीएफ तिला न विचारता कापणारा कुणीतरी बसलेला असतो. तुम्हाला असा कुणी नाही, तेव्हा तुमचं तुम्हीच कापून घ्यायचं. दुकानाचं खातं वेगळं, स्वतःचं वेगळं. दर १ तारखेला दुकानाच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात ठरलेली रक्कम जायलाच हवी, मग त्या महिन्यात दुकान रडो की हसो. ऐकायला हे सोपं आहे. करायला बसलं की मालकीण म्हणते, सध्या मंदी आहे, पुढच्या महिन्यापासून बघू. आणि नोकर म्हणते, बरं बाई. इतकी गरीब कामगार मला पुन्हा मिळायची नाही.

दुसरा धडा माझ्याच धंद्यातला निघाला. ब्लाउजला शिवणीच्या आत माया ठेवतात. वरून दिसत नाही, पण बाळंतपणानंतर किंवा दिवाळीनंतर तीच कामाला येते. तशी सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम आधी बाजूला, बाकीचं सगळं नंतर. हे आम्हाला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. २०२० च्या लग्नसराईत शिवून तयार ब्लाउज खुंटीला टांगलेले होते आणि न्यायला कुणी येत नव्हतं. लग्नच पुढे गेलं तर ब्लाउजची घाई कुणाला? आम्ही मास्क शिवत बसलो. मॅडमनी याला दुसरी बाजू जोडली. त्याच वेळी, २३ मार्च २०२० ला, सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० अंकांहून जास्त कोसळून २६ हजारांच्या खाली गेला आणि पुढच्या जानेवारीत त्यानं ५० हजारांना हात लावला. मधल्या काळात ज्यांना किराण्यासाठी विकावं लागलं त्यांचं नुकसान झालं. ज्यांच्याकडे वेगळी ठेवलेली रक्कम होती ते बसून राहिले. बसून राहण्यासाठीही पैसे लागतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग मॅडमनी जोखमीचा फॉर्म वाटला. जोखीम घ्यायची तुमची तयारी किती, हे त्यातून कळतं म्हणे. आता, ज्या बाया श्रावणात चाळीस नऊवाऱ्यांचे ब्लाउज उधारीवर शिवतात त्यांना हे विचारायचं! प्रश्न होता : बाजार २० टक्के पडला तर तुम्ही काय कराल? सगळं विकाल, थांबाल की आणखी घ्याल?

‘‘आणखी घेईन,’’ काकू तत्काळ म्हणाल्या. ‘‘पाच किलो जास्तच घेईन. पडलेल्या बाजारात विकतं का कुणी?’’

मॅडमनी चष्मा काढून पुसला. काकूंच्या डोक्यात मंडई होती आणि टोमॅटो होते, हे आमच्या लक्षात आलं. पण उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. एसआयपी तेच करते. दरमहा रक्कम ठरलेली. बाजार उतरला की तेवढ्याच पैशात युनिट जास्त येतात, चढला की कमी. फरक एवढाच की टोमॅटो आठवड्यात संपवावे लागतात आणि इथे सात-दहा वर्षं फडताळाला हात लावायचा नाही. ज्यांना तीन वर्षांत लेकीचं लग्न काढायचंय त्यांनी ते पैसे इथे आणूच नयेत, हेही मॅडमनी दोनदा सांगितलं. काकूंच्या फॉर्मवर ‘आक्रमक गुंतवणूकदार’ असा शेरा आला. त्या दिवसापासून भाजीवाले त्यांना जरा लांबूनच नमस्कार करतात.

पार्लरवाली म्हणाली, ‘‘आम्हाला बाई गणित नाही जमत.’’ ही बाई फेशियल, थ्रेडिंग आणि वॅक्सचं बिल दहा टक्के सूट वजा करून तोंडावर सांगते, हात वॅक्समध्ये असताना. मॅडमनी तिला आपल्याच जिल्ह्यातली म्हसवडची गोष्ट ऐकवली. चेतना सिन्हांनी माण तालुक्यातल्या बायांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद निरक्षर, अंगठे लावणाऱ्या, म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. बाया अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो; तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पार्लरवाली त्यानंतर गणिताबद्दल बोललेली नाही.

तोंडी हिशेबाचा एक उपाय आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडला. ७२ ला व्याजदरानं भागलं की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर बरीच वर्षं ७.१ टक्के राहिला, म्हणजे दहा वर्षांत दुप्पट. आणि कुणी ‘तीन वर्षांत दुप्पट’ म्हणाला, तर तो २४ टक्के कबूल करतोय. इतकं त्याला कुठून मिळणार, हे त्यालाच विचारायचं. आमच्या भागात २०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेनं भल्याभल्यांचे पैसे बुडवले. तेव्हा हा भागाकार माहीत असता तर निदान कोंबडीकडे संशयानं पाहिलं असतं. झेरॉक्सवालीच्या दिरानं नवी स्कीम आणली तेव्हा तिनं पेन काढून ७२ ला भागलं. दीर अजून तिच्याशी बोलत नाही. मॅडमच्या मते हाही परतावाच.

पतसंस्थेच्या बाबतीत मात्र वर्गात खडाजंगी झाली. बँकेतल्या ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी २०२० पूर्वी तो लाखापर्यंतच होता), पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. वहिनी म्हणाल्या, ‘‘पण अध्यक्ष आमच्या भावकीतले आहेत.’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘विमा भावकीतला नाही.’’ वहिनी दोन बुधवार रुसल्या होत्या.

पीपीएफवर मी खूश आहे. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं, आणि महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज पदरात. धंदेवाल्या बाईला त्यातली खरी मोलाची गोष्ट वेगळीच : धंद्याचं कर्ज थकलं तरी कोर्टाच्या हुकमानं त्या खात्यावर जप्ती येत नाही. दुकान बुडालं तरी दुकानदारीण तरंगेल, असं काहीतरी सरकारनं करून ठेवलंय आणि ते सांगत कुणीच नाही.

एवढं शिकून म्युच्युअल फंडाचं खातं उघडायला गेले तर केवायसी. पॅनवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत सासरचं पण पुढे सौ. काउंटरवरच्या मुलानं तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि वर न बघता म्हणाला, ‘‘मॅडम, या तिघी एकच आहेत याला पुरावा लागेल.’’

‘‘मी उभी आहे ना समोर.’’

‘‘तुम्ही नाही चालणार. मॅरेज सर्टिफिकेट चालेल.’’

घरी येऊन कपाट उपसलं. लग्नाचा अल्बम निघाला, रुखवताची यादी निघाली, आहेराची वही निघाली (कुणी किती दिले याची नोंद चोख), सर्टिफिकेट नाही. ‘अहो’ म्हणाले, ‘‘काढलंच नव्हतं, गरज काय होती?’’ लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही दोघं नगरपालिकेच्या नोंदणीच्या रांगेत साक्षीदारांसह उभे राहिलो. मागचं जोडपं हळदीच्या हातांचं होतं. ते आमच्याकडे कौतुकानं बघत होते. उशिरा का होईना, घरच्यांनी होकार दिला असावा, असं त्यांना वाटलं असणार.

खातं उघडलं. नॉमिनीच्या रकान्यापाशी मात्र सगळ्याच अडल्या. नवरा लिहावा तर लेक, लेक लिहावी तर मुलगा, आणि नुसता नॉमिनी लिहून भागत नाही म्हणे. पैसे शेवटी कुणाचे हे मृत्युपत्रानं किंवा वारसाहक्कानं ठरतं. म्हणून पुढच्या बुधवारचा विषय मृत्युपत्र. तीन जणींना लगेच ऑर्डरी आठवल्या. काकूंनी थालीपीठ की साबुदाणा वडे एवढंच विचारलं. पार्लरवालीनं निघताना दार लोटून घेतलं आणि हळूच बजावलं, ‘‘घरी विषय सांगू नका हं. उगाच सगळे चांगलं वागायला लागतील.’’