गारवा आहे, वारा नाही

गाडीच्या एसीतून हवा येत नाही, असं नुसतं म्हणून बघा. समोरचा माणूस कोणत्याही धंद्यातला असो, ‘गॅस भरून घ्या’ हेच सांगणार. मला हे सोसायटीच्या वॉचमनने सांगितलं, इस्त्रीवाल्याने सांगितलं आणि वरच्या मजल्यावरच्या मराठीच्या निवृत्त बाईंनीही सांगितलं. बाईंकडे गाडी नाही.

आमच्या गाडीचं दुखणं वेगळं होतं. जाळीला बोटं लावली की गारठायची, पण हात वीतभर मागे नेला की मे महिना सुरू. गारवा आत तयार होत होता, बाहेर येत नव्हता. मंजूर होऊन टेबलावर पडून राहिलेल्या बिलासारखा. एसीत वारा आणि गारवा ही दोन निराळी खाती असतात. गारव्याचं काम कॉम्प्रेसर आणि गॅसकडे; वाऱ्याचं ब्लोअरकडे, म्हणजे डॅशबोर्डमागे दडलेल्या एका साध्या पंख्याकडे. शिवाय गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे. छोट्या गाडीत तो जेमतेम अर्धा किलो असतो आणि बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जातो. हे सगळं मी गॅरेजवाल्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गॅस भरला.

तो ताजा गॅस घेऊन आम्ही चिपळूणहून डोंबिवलीला परत निघालो. गाडीत पाच माणसं, आंब्याच्या पेट्या आणि एक कापा फणस. मागच्या सीटला एसीच्या जाळ्या नसल्या की वाऱ्याची मालकी पुढच्या दोघांकडे जाते. काका पुढे बसले, कारण काका नेहमीच पुढे बसतात, आणि मधली जाळीही त्यांनी आपल्याकडे वळवून घेतली. ते आयुष्यभर रस्त्यांच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर होते. त्यामुळे महामार्गावर त्यांचं तोंड बंद नसतं. मागे आई, आत्या आणि बायको. आत्याला एसी चालत नाही, कान दुखतात. पण उकाडाही सोसत नाही. तेव्हा एसी चालू हवा, फक्त त्याची हवा येता कामा नये, अशी तिची कायमची अट. त्या दिवशी गाडी ती अट तंतोतंत पाळत होती.

अमेरिकेतल्या 1940च्या पॅकार्ड मोटारीत एसी कारखान्यातूनच बसवून मिळायचा. असा एसी देणारी ती पहिलीच मोटार. मात्र तो बंद करायची सोय डॅशबोर्डवर ठेवायची राहून गेली होती. इंजिन थांबवायचं, बॉनेट उघडायचं आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवायचा. आत्या त्या गाडीत असती तर ड्रायव्हरने परशुराम घाटातच राजीनामा दिला असता.

कशेडीच्या बोगद्यापर्यंत थोडी झुळूक होती. पोलादपूरला तिची फुंकर झाली, महाडला उसासा. पुढे नुसता पंख्याचा आवाज आणि फणसाचा वास. शेवटी काचा खाली केल्या, तेव्हा धूळ आत आली आणि काकांना खडीच्या दर्जावर बोलायला नवा विषय मिळाला. माणगावच्या अलीकडे चहाला थांबलो. परत गाडीत बसून एसी लावतो तर हवा येतेय! ‘गाडीलाही चहा लागतो,’ काका म्हणाले. आत्याचं लक्ष मात्र गाडीखालच्या पाण्याकडे गेलं होतं. ‘अरे, ही गळतेय!’

गळत नव्हती, वितळत होती. कूलिंग कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल फार गार पडते. त्यात कोकणातली दमट हवा आणि पाच माणसांचा घाम. कॉइलवर बर्फ धरतो आणि उरलासुरला वाराही अडवतो. गाडी थोडा वेळ बंद ठेवली की बर्फाचं पाणी होऊन खाली सांडतं आणि वाट मोकळी होते. थोड्या वेळापुरतीच.

माणगावात एक पोरगेलासा मेकॅनिक भेटला. बोलणं कमी. ‘पंखा सगळ्या स्पीडला फिरतो का नुसता फुलला?’ सगळ्या. ‘म्हंजे रेझिस्टर चांगलाय. हवा काचेवर जाते का?’ नाही. ‘मग फ्लॅप पन बरोबरे.’ गॅसचं नावही त्याने काढलं नाही, तेव्हा काकांना तो शिकाऊ वाटला.

त्याने ग्लव्ह बॉक्स रिकामा करायला सांगितला. त्यातून मुदत संपलेल्या पीयूसी, आवळा सुपारीची डबी, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आणि आईचा हरवलेला म्हणून नवा घेतलेला चष्मा निघाला. मग त्याने दोन्ही बाजू दाबून खण खाली सोडला, मागची पट्टी काढली आणि आतून एक काळपट चौकट ओढली. तिच्या जागी काहीच न घालता ब्लोअर लावला. पीयूसी मागच्या सीटवर उडाल्या. ‘अगोबाई, कान!’ आत्या ओरडली. निदान पक्कं झालं: ती चौकट म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, आणि तोच चोंदला होता. फिल्टर काढूनही हवा मंदच राहिली असती तर पाळी ब्लोअरची किंवा खुद्द कॉइलची होती, आणि तो खर्च वेगळा.

समोरच्या दुकानातून नवा फिल्टर आला. बाजूवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवून त्याने तो सरकवला आणि गॅस भरायला लागले होते त्याच्या पावपटही पैसे घेतले नाहीत.

जुना फिल्टर टपरीच्या बाकावर पडला होता. मूळचा रंग पांढरा असावा. घड्यांमध्ये आंब्याचा मोहोर, चिंचेची पानं, झुरळाचा एक पंख, आणि 2011पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाचा आमच्या वाट्याला आलेला भाग. काकांनी चष्मा लावला, चिमूटभर धूळ घेऊन अंगठा-तर्जनीत चोळली आणि मान हलवली.

‘सिमेंट कमी आहे.’