दुर्बिणीतला स्लॉथ, पिशवीतले माकड

कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे मान्वेल अंतोनियो राष्ट्रीय उद्यान १९७२ साली स्थापन झाले. देशातल्या लहानात लहान उद्यानांत त्याची गणना होते. गर्दीच्या बाबतीत मात्र ते कोणाला हार जात नाही. मंगळवारी ते बंद असते, म्हणजे प्राण्यांनाही साप्ताहिक सुटी.

मुख्य मान अर्थातच तीन बोटांच्या स्लॉथचा. केसांत शेवाळ वाढल्याने तो पानांत बेमालूम मिसळतो आणि साधारण आठवड्यातून एकदा खाली उतरतो, तेही शौचाला. त्यामुळे दर्शन घडते ते गाईडच्या तिपाईवरच्या दुर्बिणीतून. पर्यटक भिंगाला मोबाइल टेकवतो, एक तपकिरी गोळा टिपतो आणि मागच्याला जागा करून देतो. झाडाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे तेवढे राहून जाते.

पांढऱ्या तोंडाच्या कॅपुचिन माकडांना शोधण्याची तसदी घ्यावी लागत नाही. पुळणीवर पिशवीची चेन करकरली की ती आपणहून हजर, मागोमाग रॅकून. फोटोसाठी बिस्किटे पुढे करणाऱ्यांनीच त्यांना ही शिकवण दिली. आता प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात. माकडांच्या नव्हे, माणसांच्या.